आठ लाख भरण्यापूर्वी आपले गुण मोजा

पावसाळ्यात मालवण बंदर शांत असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, आणि बर्फाचे कारखाने बंद असतात किंवा अर्ध्यावर चालतात. त्या कारखान्यांतल्या यंत्रांवर राबणाऱ्यांना याच दिवसांत थोडी उसंत मिळते. माझा भाचा त्यांच्यापैकीच एक. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन गेली सहा वर्षे तो बर्फाच्या कारखान्यांची, शीतगृहांची आणि हॉटेलांतल्या शीतयंत्रांची देखभाल करतो. नुसता कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारा मुलगा.

अशाच एका संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "आते, माका कॅनडाक जावचा आसा."

"मग जा की. कोण अडवता तुका?"

"आठ लाख भरूचे आसत. कट्ट्याकडची जागा इकूया म्हणतंय. बाबांका तू सांग."

त्या जागेची हकीकत मला ठाऊक होती. माझ्या भावाने आखातात बावीस वर्षे वेल्डिंग करून ती चार गुंठे जागा घेतली होती. आमच्या मागच्या पिढ्यांत कोणाच्या नावावर स्वतःची जमीन नव्हती. त्यामुळे सातबाऱ्यावर भावाचे नाव चढले त्या दिवशी आईने गल्लीत पेढे वाटले होते. आता तीच जागा विकून मुंबईतल्या एका सल्लागाराला आठ लाख द्यायचे, तो कॅनडातले नोकरीचे पत्र आणणार, आणि आठ महिन्यांत 'पीआर'ची खात्री.

मी विचारले, "पीआर म्हणजे काय? गुण किती लागतात? तुझे किती होतात?" भाच्याने मान खाली घातली. म्हणाला, "ता सगळा तो बघता."

बंधू-भगिनींनो, घरोघरी नेमके हेच चालले आहे. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला नियम ठाऊक नाहीत, आणि ज्याला नियम ठाऊक आहेत तो ते विकतो आहे. म्हणून भाचा, त्याची पत्नी आणि मी असे तिघे चार-पाच संध्याकाळी सरकारी माहिती वाचत बसलो. भाचेसून बी.एस्सी. नर्सिंग झालेली, पाच वर्षे रुग्णालयात नोकरी करते. आम्हाला जे समजले ते येथे सांगत आहे.

गल्फची नोकरी आणि कायमचे वास्तव्य

आपल्या भागातून परदेशी जाणे नवीन नाही. कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली आणि पुढे आखातात गेली. पण आखातातला परवाना त्या मालकाच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी आहे तोवर राहायचे. माझा भाऊ त्या बैठकीत एवढेच बोलला, "बावीस वर्सा थय काढलंय. नोकरी सुटली तेच्या दुसऱ्या म्हयन्यात घराक इलंय."

कायमस्वरूपी वास्तव्य, म्हणजेच पीआर, ही वेगळी गोष्ट आहे. ते एका मालकाशी बांधलेले नसते. नोकरी सुटली तरी देशाबाहेर काढत नाहीत. पत्नी आणि लहान मुले बरोबर नेता येतात, मुलांना सरकारी शाळेत घालता येते, सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळतो. मतदान मात्र करता येत नाही, कारण पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो. पुढे कोणी त्या देशाचे नागरिकत्व घेतले तर भारताचे सोडावे लागते. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. अशांसाठी 'ओसीआय' कार्डाची सोय २००५ पासून आहे, पण त्यावर येथे मत देता येत नाही.

आणखी एक गैरसमज. 'कायम' म्हणजे एकदा शिक्का बसला की काहीही करा, असे नाही. कॅनडात पीआर टिकवायचा तर दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तेथे राहावे लागते. शिक्का घेऊन गावी परत येऊन बसले तर तो हातचा जाऊ शकतो.

गुणांची पद्धत आली कुठून?

या देशांची दारे नेहमी गुणांनी उघडत नव्हती. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा केला आणि नको असलेल्या माणसाला बंदरावरच पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. कोणत्या युरोपीय भाषेत घालायचे ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येणारा माणूस समोर आला तर दुसरी भाषा काढायची. नापास करण्यासाठीच घेतलेली ती परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती, आणि गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचे धोरण १९७३ साली संपले. कॅनडाने १९०८ साली नियम केला की मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलेल्यालाच प्रवेश. भारतातून तशी थेट बोट मिळतच नव्हती. १९१४ साली 'कोमागाटा मारू' बोटीने ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोहोचले. त्यांतले बहुतेक पंजाबचे. दोन महिने बोट बंदरात अडवून ठेवली आणि मोजके सोडून सगळ्यांना परत पाठवले.

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण द्यायचे. जन्म कुठल्या देशात झाला, कातडीचा रंग कोणता, हे विचारायचे नाही. ज्यांना जन्मावरून दाराबाहेर ठेवले गेले त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. पण हेही ध्यानात घ्या की गुणपत्रिका तुमचे इंग्रजी मोजते, तुम्ही ते कुठल्या शाळेत आणि किती अडचणी सोसून शिकलात हे मोजत नाही. ती दरी आपणच भरून काढायची आहे.

आमच्या घरातली बेरीज

कॅनडाच्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' योजनेत १०० पैकी ६७ गुण मिळाले तर पुढच्या रांगेत उभे राहता येते. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथल्या नोकरीच्या पक्क्या पत्राला १० आणि 'तिथे रुळण्याची शक्यता' या सदराला १०. आम्ही वही घेऊन भाच्याचे गुण मांडले.

वय २९. अठरा ते पस्तीस वयाला पूर्ण १२ गुण मिळतात. पुढे दर वर्षाला एक कमी होत जातो.

शिक्षण पदविका. कॅनडाने मान्य केलेली संस्था आपल्या प्रमाणपत्राची त्यांच्या शिक्षणाशी बरोबरी करून देते. तो अहवाल पाच वर्षे चालतो. आम्ही जपून दोन वर्षांच्या पदविकेची बरोबरी धरली, म्हणजे १९ गुण.

अनुभव सहा वर्षे. सहा किंवा अधिक वर्षांना पूर्ण १५. शीतयंत्रांचे मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर ही कामे तेथे कुशल कामांच्या यादीत आहेत. आपल्या हाताला तिथे 'मजूर' म्हणत नाहीत, ही जमेची बाजू.

भाषा. येथेच घोडे अडते. आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागते: ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. या चारही भागांत कॅनडाच्या मोजणीने किमान सातवी पातळी हवी, म्हणजे आयईएलटीएसमध्ये प्रत्येक भागात ६. सातव्या पातळीला प्रत्येक भागाचे ४, आठवीला ५, नववीला ६ गुण. भाच्याने घरीच सराव परीक्षा दिली आणि सातव्या पातळीवर थांबला. म्हणजे १६ गुण.

बेरीज केली: १२, १९, १५ आणि १६ मिळून ६२. पाच कमी.

भाच्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात भाचेसून म्हणाली, "आत्या, हे शेवटचे सदर बघा ना. जोडीदाराचे इंग्रजी." खरेच, 'रुळण्याची शक्यता' या सदरात जोडीदाराला चारही भागांत निदान चौथी पातळी मिळाली तर ५ गुण आहेत. सख्खा भाऊ, बहीण, काका, आत्या असे कोणी तेथे कायमचे राहत असेल तर आणखी ५. आमचे तेथे कोणी नाही. पण सुनेच्या इंग्रजीचे ५ मिळवले की ६२ चे ६७ झाले. काठावर का होईना, पास.

मग मी म्हटले, "आता तुझे गुण मांड." तिचे वय २८, म्हणजे १२. नर्सिंगची पदवी, २१. अनुभव पाच वर्षे, १३. तिचा सराव आठव्या पातळीचा, २०. झाले ६६. त्यात नवऱ्याच्या इंग्रजीचे ५. एकूण ७१.

ओटीवर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. परदेशी जायचे म्हणजे मुलाने जायचे आणि सुनेने मागून जायचे, असे आम्ही सगळ्यांनी न विचारताच धरले होते. त्या सल्लागारानेही तिच्या शिक्षणाची चौकशी केली नव्हती. ज्या घरात नवरा-बायको दोघेही शिकलेली आहेत त्यांनी आधी दोघांचे गुण स्वतंत्र मांडावेत आणि ज्याचे जास्त त्याला मुख्य अर्जदार करावे. नियम नवरा-बायको असा भेद करत नाहीत.

पास झालात, पण रांग मोठी आहे

६७ गुण म्हणजे फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी. जानेवारी २०१५ पासून कॅनडाने 'एक्स्प्रेस एन्ट्री' सुरू केली. रांगेतल्या प्रत्येकाला पुन्हा १,२०० पैकी गुण मिळतात आणि ठरावीक दिवसांनी वरच्या गुणांच्या लोकांना अर्जाचे आमंत्रण जाते. येथे वयाची किंमत फार. वीस ते एकोणतीस या वयाला सर्वांत जास्त गुण. तिशीनंतर दर वाढदिवसाला ते घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. "दोन-तीन वर्षांनी बघू" म्हणणाऱ्याचे नुकसान तारीख लिहून होत असते.

२०२३ पासून आरोग्यसेवा, कारागिरीचे व्यवसाय, फ्रेंच भाषा अशा गटांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या. २०२४ साली सर्वसाधारण फेऱ्या पाचशेच्या वर थांबल्या, तर कारागिरांच्या फेऱ्या चारशे तीस-पस्तीसच्या आसपास. २०२५ मध्ये कारागिरांचीही पायरी पाचशेच्या वर गेली. म्हणजे आकडा स्थिर नाही. एखाद्या प्रांताने आपल्याला निवडले तर ६०० गुण एकदम मिळतात, म्हणून प्रांतांच्या योजनाही पाहाव्यात. रांगेत नाव घालायला पैसे लागत नाहीत. ते बारा महिने राहते. आमंत्रण आले की साठ दिवसांत सर्व कागदांसह अर्ज करावा लागतो.

'खात्रीच्या नोकरी'चा बाजार

आता त्या आठ लाखांकडे वळू. सल्लागार नोकरीचे पत्र देणार होता. या १,२०० गुणांच्या क्रमवारीत पूर्वी अशा पत्राला ५० किंवा वरच्या पदांना २०० गुण मिळत. म्हणूनच अशी पत्रे विकली जाऊ लागली. फसवणूक थांबवण्यासाठी कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून क्रमवारीतले हे गुण काढूनच टाकले. ६७ च्या पहिल्या परीक्षेत नोकरीपत्राचे १० गुण आहेत, पण ते पत्र खऱ्या मालकाचे आणि तिथल्या नियमांत बसणारे हवे. खोटे निघाले तर पाच वर्षे अर्ज करण्यास बंदी येते. दलाल सुटतो, नाव आपले काळे होते.

आणि अर्ज स्वतः करता येतो. दलाल लावलाच पाहिजे असा नियम नाही. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथला वकील किंवा कॅनडाच्या सल्लागार महाविद्यालयाकडे नोंदलेला परवानाधारक असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागून यादीत तपासता येतो. ऑस्ट्रेलियातही अशी नोंदणी आहे. जो क्रमांक सांगत नाही त्याच्या पायऱ्या चढू नका.

आखातात जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारची नोंदणी हवी, आणि त्याला कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते. त्यांना आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आणि दहा लाखांचा विमा लागतो. पर्यटन व्हिसावर नोकरीला चला म्हणणारा हे सगळे संरक्षण काढून घेत असतो.

खरा खर्च किती?

भाषेच्या परीक्षेला एका माणसाला अठरा हजार रुपयांच्या आसपास लागतात, आणि परीक्षेसाठी गोव्याला किंवा मुंबईला जावे लागते. निकाल दोन वर्षेच चालतो. प्रमाणपत्राच्या बरोबरीला दोनशेहून अधिक डॉलर. अर्जाचे शुल्क एप्रिल २०२४ मध्ये प्रौढ माणशी १,५२५ कॅनेडियन डॉलर ठरले. ते दर दोन वर्षांनी वाढते. त्या दराने बोटांच्या ठशांच्या शुल्कासह नवरा-बायकोचे ३,२२० डॉलर, म्हणजे रुपयांत दोन लाखांच्या आसपास. वर वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला.

मोठा आकडा वेगळाच आहे. तेथे उतरल्यावर नोकरी लागेपर्यंत खायला आपल्याकडे पैसे आहेत, हे बँकेच्या कागदांनी दाखवावे लागते. २०२५ च्या नियमाने एकट्याला १५ हजारांहून अधिक, दोघांना १९ हजारांहून अधिक आणि चौघांच्या कुटुंबाला २८ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर. दोघांचे म्हणजे बारा लाख रुपयांच्या घरात. हे पैसे उसने घेतलेले चालत नाहीत. घर-जमिनीची किंमतही यात धरत नाहीत. पण हे पैसे कोणाला द्यायचे नसतात. आपल्याच खात्यात राहतात आणि आपल्याबरोबर येतात. आठ लाख दलालाला दिले असते तर हे बारा लाख आणखी कुठून आणले असते?

हातात कला आहे, कागद कुठे आहे?

आपल्या घरांतून सर्वांत जास्त अर्ज अडतात ते येथे.

पहिला कागद अनुभवाचा. पत्रावर हुद्दा, कामाचे स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, पगार आणि सही-शिक्का हवा. भाच्याच्या सहा वर्षांपैकी दोन वर्षे ठेकेदाराकडे रोखीत गेली; त्यांचा एक चिटोराही नाही. सहाऐवजी चार वर्षे धरली तर १५ चे १३ होतात आणि काठावरचे ६७ पासष्टावर येतात. त्याच्या वडिलांचे तर बावीस वर्षांचे कामच कुठे लिहिलेले नाही. म्हणून ठेकेदार असो वा कारखानदार, दर वर्षी पत्र मागून घ्या. पगार बँकेत घ्या. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपा.

दुसरा नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आडनाव, पासपोर्टवर गावावरून घेतलेले दुसरे, आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरे. आपल्या समाजात अनेक कुटुंबांनी विचारपूर्वक आडनावे बदलली, पण सगळ्या कागदांवर बदलली नाहीत. राजपत्रात नाव-बदल प्रसिद्ध करून घ्या आणि ते पान जपून ठेवा.

तिसरा विवाहाचा. आपली लग्ने साधेपणाने, वंदना घेऊन लागतात. फोटो आणि पत्रिका असते, पण सरकारी नोंद करायची राहून जाते. नवरा-बायकोने एकत्र अर्ज करायचा तर नोंदणीचे प्रमाणपत्र हवेच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह-नोंदणी होते. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपरिषदेत. आमच्या भाच्याच्या लग्नाला चार वर्षे झाली होती आणि नोंद नव्हती. ती आता झाली.

कॅनडा हा एकच रस्ता नव्हे

ऑस्ट्रेलियात कुशल कामगाराला किमान ६५ गुण आणि पंचेचाळीसपेक्षा कमी वय लागते. पंचवीस ते बत्तीस वयाला सर्वाधिक ३० गुण. व्यवसाय त्यांच्या यादीत हवा, आणि अर्जाआधी तिथल्या संस्थेकडून आपल्या कौशल्याची पारख करून घ्यावी लागते. कारागिरांच्या बाबतीत ही पारख हातातल्या कामाची आणि कागदांची अशी दोन्ही असू शकते. ६५ म्हणजे तेथेही आमंत्रणाची खात्री नाही.

जर्मनीचा रस्ता आयटीआय आणि नर्सिंग झालेल्यांसाठी विचार करण्याजोगा आहे. तेथे भाषा जर्मन. शिक्षणाला मान्यता मिळवून कुशल कामगार म्हणून नोकरी केली तर तीन वर्षांनी, पेन्शनचे हप्ते भरलेले असतील आणि जर्मन मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. १ जून २०२४ पासून नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत जाण्याचे गुणांवर आधारित 'संधी-कार्ड'ही निघाले आहे. त्यासाठी निदान दोन वर्षांचे सरकारमान्य प्रशिक्षण लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक असे व्यवसाय होते. पण कराराची बातमी म्हणजे नोकरीचे पत्र नव्हे. नोकरी सोडून वर्गाला बसण्यापूर्वी पुढची पायरी लेखी विचारा.

उच्च शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. कर्ज काढून कुठल्याही कॉलेजात नाव घालण्याआधी तिकडे अर्ज करावा.

तिथे पोहोचल्यावर

पीआर मिळाला म्हणजे आपल्या कामाचा परवाना मिळाला असे नाही. नर्सला त्या प्रांताच्या नर्सिंग संस्थेची नोंदणी आणि परीक्षा द्यावी लागते. शीतयंत्रांच्या मेकॅनिकलाही अनेक प्रांतांत प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही. ते मिळेपर्यंत गोदामात खोकी उचलणारे, रात्री गाडी चालवणारे पदवीधर तेथे पुष्कळ आहेत. जाण्यापूर्वी आपल्या व्यवसायाच्या परवान्याची माहिती काढली तर हे दिवस कमी होतात.

आणि जात? गुणपत्रिकेत तिचे सदर नाही. पण माणसे जाताना सामानाबरोबर तिलाही घेऊन जातात. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये टोरोंटोच्या शाळा मंडळाने शाळांतल्या जातिभेदाची दखल घेतली. प्रश्न असल्याशिवाय कायदा होत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती आणि पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. फरक एवढाच की आता तेथे तक्रार करायला जागा आहे. आडनाव विचारून घरभाडे ठरवणारा भेटला तर ती जागा वापरायची.

आमच्या घरी काय ठरले?

जागा विकली नाही. निदान दलालासाठी नाहीच. बारा लाखांचा प्रश्न उभा आहे आणि तो कसा सोडवायचा ते आमंत्रण आले तर पाहू. कदाचित तीच जागा विकावी लागेल, पण तो पैसा मुलांच्या खात्यात राहील. सून मुख्य अर्जदार असेल. रोज ड्यूटीवरून आल्यावर ती तासभर इंग्रजी निबंध लिहिते आणि भाचा तिला मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणजे दोघांचाही अभ्यास होतो. आठव्या पातळीवरून नववी गाठायची आहे. त्या जुन्या ठेकेदाराकडे भाचा दोनदा जाऊन आला. तिसऱ्या खेपेला त्याने कोऱ्या लेटरहेडवर पत्र द्यायचे कबूल केले आहे.

वहिनी मात्र अजून गप्प आहे. परवा चुलीजवळ बसून तिने मला हळूच विचारले, "पाच वर्सात सातशे तीस दिवस थय ऱ्हवाचा लागता म्हणतंस. मगे उरलेले हय ऱ्हवले तर चलतत?" मी वहीत आकडेमोड केली. पाच वर्षांचे दिवस १,८२६. त्यातून ७३० गेले तर १,०९६ उरतात. नियमाने चालते असे मी तिला सांगितले. नोकरी, मुलांची शाळा, विमानाचे भाडे या गोष्टी तिला सांगितल्या नाहीत. त्या तिलाही ठाऊक आहेत.